लॅपटॉपची रॅम वाढवताना वेगाचा आकडा

समजा, एखाद्या माध्यमिक शाळेच्या संगणक-कक्षात २०१८ साली घेतलेले दहा लॅपटॉप आहेत. यंत्रे अजून धडधाकट आहेत. पडद्यांना तडे गेलेले नाहीत, कळफलक शाबूत आहेत. तथापि एखादा दृक्‌श्राव्य पाठ लावून त्याच वेळी ब्राउझरमध्ये चारपाच पाने उघडली, की यंत्र अडखळू लागते, हार्ड डिस्कचा दिवा अखंड जळत राहतो आणि विद्यार्थी तासिका संपेपर्यंत पडद्यावर फिरणाऱ्या वर्तुळाकडे पाहत बसतात. नवे लॅपटॉप घेण्याइतका निधी शाळेपाशी नाही. रॅम वाढवण्यापुरता मात्र आहे. शिक्षक दुकानात जातात, तेव्हा दुकानदार त्यांच्यापुढे तीन पट्ट्या ठेवतो. तिन्ही ८ जीबीच्या आणि तिन्ही डीडीआर४ जातीच्या. परंतु एकीवर २४००, दुसरीवर २६६६ आणि तिसरीवर ३२०० असा आकडा छापलेला आहे. किंमती निरनिराळ्या आहेत. ह्यांतील कोणती घ्यावी?

जितका आकडा मोठा तितकी वस्तू चांगली, हे उत्तर सहज सुचते. पुष्कळदा त्याच उत्तरापायी पैसे वाया जातात. २०२५ च्या उत्तरार्धात जगभर रॅमच्या किंमती झपाट्याने चढल्या. तेव्हापासून तर ही चूक अधिकच महाग पडू लागली आहे. म्हणून हा आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

गळकी मडकी

रॅम म्हणजे संगणकाची काम चालू असतानाची स्मृती होय. जे पान उघडले आहे, जे चित्र पडद्यावर आहे, जो प्रोग्रॅम चालू आहे, ते सर्व डिस्कवरून उचलून येथे आणून ठेवावे लागते. कारण प्रोसेसर डिस्कशी थेट व्यवहार करीत नाही. यंत्र बंद केले की ही स्मृती पुसली जाते.

पूर्वी असे नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला आणि १९६० मध्ये कार्यान्वित झालेला संगणक, ज्यास १९६२ मध्ये ‘टिफ्रॅक’ असे नाव देण्यात आले, त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओवून केलेली होती. कडीचे चुंबकत्व एका दिशेस असले तर शून्य, दुसऱ्या दिशेस असले तर एक. वीज गेली तरी कडी आपली दिशा सोडीत नसे. ह्या स्मृतीत प्रत्येकी ४० अंकांचे २०४८ शब्द मावत; म्हणजे आजच्या हिशेबाने १०,२४० बाइट. बोटभर लांबीची ८ जीबीची पट्टी ह्याच्या सुमारे ८ लाख ३९ हजार पट मजकूर धारण करते.

हा पल्ला गाठता आला तो एका साध्या कल्पनेमुळे. अमेरिकेतील आयबीएम कंपनीचे संशोधक रॉबर्ट डेनर्ड ह्यांना १९६६ मध्ये असे सुचले, की एक अंक साठवण्यास एकच ट्रान्झिस्टर आणि एकच सूक्ष्म कपॅसिटर पुरेसा आहे. कपॅसिटरमध्ये विद्युत्‌भार असला तर एक, नसला तर शून्य. १९६८ मध्ये त्यांना ह्याचे पेटंट मिळाले, आणि १९७० मध्ये इंटेल कंपनीने भाराच्या रूपात अंक साठवणारी १०२४ अंकांची चकती बाजारात आणली. आजची प्रत्येक रॅम ह्याच कुळातील आहे.

ह्या रचनेत एक उणीव आहे. हा कपॅसिटर म्हणजे झिरपणारे मडके होय. भरून ठेवले तरी त्यातील भार हळूहळू गळून जातो आणि थोड्याच वेळात ते भरलेले होते की रिकामे, हे सांगता येईनासे होते. म्हणून सामान्यतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळीतील मडकी तपासून पुन्हा भरावी लागतात. डीडीआर४ मध्ये सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदांना ह्या भरणीचा एक हुकूम सुटतो. यंत्र स्वस्थ पडलेले दिसते तेव्हाही ही पाणक्याची खेप चालूच असते. मडके इतके लहान आहे, की त्यातील भार ओळखण्यासाठी लांब तारेवरून येणारा अतिक्षीण संकेत आधी मोठा करून घ्यावा लागतो, आणि त्यास वेळ लागतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

३२०० म्हणजे काय

पट्टीवरील आकड्यास दुकानात सर्रास ‘मेगाहर्ट्झ’ म्हणतात. ते बरोबर नाही. डीडीआर ह्या नावातच त्याचा खुलासा आहे: ह्या जातीची रॅम घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यात दोन वेळा माहितीची देवघेव करते, एकदा ठोका चढताना आणि एकदा उतरताना. ३२०० ची पट्टी सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा देवघेव करते. तिचे घड्याळ मात्र १६०० मेगाहर्ट्झचेच असते. नवी पट्टी बसवल्यावर एखादा तपासणीचा प्रोग्रॅम ‘१६००’ असा आकडा दाखवतो आणि आपणास निम्म्या वेगाचा माल मिळाला अशी ग्राहकाची समजूत होते. पुष्कळ भांडणे एवढ्यावरून झाली आहेत. दुकानदार येथे निर्दोष असतो.

प्रत्येक देवघेवीत ६४ अंक, म्हणजे ८ बाइट, जातात. तेव्हा २४०० च्या पट्टीतून सेकंदाला जास्तीत जास्त १९,२०० मेगाबाइट, २६६६ च्या पट्टीतून सुमारे २१,३०० आणि ३२०० च्या पट्टीतून २५,६०० मेगाबाइट वाहू शकतात. काही पट्ट्यांवर वेगाऐवजी हाच वाहतुकीचा आकडा असतो. पीसी४-१९२०० आणि डीडीआर४-२४०० ही एकाच मालाची दोन नावे आहेत.

परंतु वाहतूक ही एक गोष्ट झाली आणि विलंब ही दुसरी. ग्रंथालयाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या वाचकाचे उदाहरण घ्यावे. त्याने चिठ्ठी दिली, की शिपाई आत जातो, दालन शोधतो, कपाट उघडतो आणि पुस्तके ढकलगाडीवर घालून आणतो. गाडी मोठी केली तर एका खेपेस अधिक पुस्तके येतील. पण कपाट शोधण्यास लागणारा वेळ त्यामुळे कमी होणार नाही. वाचकास एकच पुस्तक हवे असेल, तर मोठी गाडी त्याच्या काय कामाची? पट्टीवरील २४०० किंवा ३२०० हा आकडा गाडीचा आहे. कपाट शोधण्याचा वेळ ‘सीएल’ ह्या अक्षरांपुढे दिलेला असतो, आणि तो घड्याळाच्या ठोक्यांत मोजलेला असतो.

आता थोडा हिशेब. नेहमीच्या २४०० च्या पट्टीचा सीएल १७ असतो. तिचे घड्याळ १२०० मेगाहर्ट्झचे. १७ ठोक्यांस १४.१७ नॅनोसेकंद लागतात. २६६६ च्या पट्टीचा सीएल १९, म्हणजे १४.२५ नॅनोसेकंद. ३२०० च्या पट्टीचा सीएल २२, म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद. तिन्ही पट्ट्यांत कपाट शोधण्याचा वेळ जवळजवळ सारखाच आहे! इतकेच नव्हे, तर त्यापूर्वीच्या पिढीतील डीडीआर३-१६०० ह्या पट्टीचा सीएल ११ होता आणि तोही १३.७५ नॅनोसेकंदच भरतो. नव्या पिढीतील डीडीआर५-५६०० चा सीएल बहुधा ४६ असतो, त्याचे १६.४३ नॅनोसेकंद होतात, म्हणजे उलट थोडे अधिकच. डीडीआर३ चे मानक २००७ चे आणि डीडीआर५ चे २०२० चे. ह्या तेरा वर्षांत गाडी साडेतीन पट मोठी झाली, पण शिपायाची चाल जागच्या जागी राहिली. कारण वर सांगितलेच आहे: मडक्यातील अतिक्षीण भार ओळखण्याची क्रिया घड्याळ वाढवून घाईने उरकता येत नाही. अभियंत्यांनी त्यावर योजलेला उपाय असा, की आतून एकाच वेळी पुष्कळ अंक उचलून दाराशी रांगेत उभे करावयाचे आणि मग ते झपाट्याने बाहेर सोडावयाचे. डीडीआर४ एका उचलीत प्रत्येक तारेमागे आठ अंक आणते, डीडीआर५ सोळा. दाराबाहेरची धावपळ वाढली. आतले कोठार आपल्याच गतीने चालले आहे.

यंत्र कोणता वेग मान्य करते

ह्यापुढची गोष्ट खरेदीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. रॅमचा वेग पट्टी एकटी ठरवीत नाही. पट्टी, प्रोसेसर आणि मदरबोर्ड ह्या तिघांपैकी जो सर्वांत मंद असेल, त्याच्या वेगाने सर्वांना चालावे लागते. इंटेलच्या आय५-७२००यू ह्या २०१६ च्या प्रोसेसरची डीडीआर४ साठी मर्यादा २१३३ आहे; २०१७ च्या आय५-८२५०यू ची २४००; २०१९ च्या आय५-१०२१०यू ची २६६६; आणि २०२० च्या आय५-११३५जी७ ची ३२००. एएमडीच्या रायझन ५ ३५००यू ची मर्यादा २४०० आहे, तर ५५००यू ची ३२००. आठव्या पिढीच्या यंत्रात ३२०० ची पट्टी बसवली, तर ती २४०० नेच चालेल. दोन खाचांत दोन निरनिराळ्या वेगांच्या पट्ट्या असतील, तर दोन्ही मंद पट्टीच्या वेगाने चालतील.

ह्यामुळे पट्टीस इजा होत नाही. प्रत्येक पट्टीवर एक छोटी चकती असते. तीत त्या पट्टीचे वेग आणि विलंब नोंदलेले असतात. यंत्र सुरू होताना ही नोंद वाचली जाते आणि त्याप्रमाणे ठोके ठरतात. विलंब तेथे नॅनोसेकंदांत लिहिलेला असतो, म्हणून ३२०० ची पट्टी २४०० ने चालू लागली की तिचे २२ ठोके आपोआप १७ वर येतात. तात्पर्य, जुन्या यंत्रात वेगवान पट्टी बसवणे गैर नाही. तिच्यासाठी जादा पैसे मोजणे गैर आहे. डीडीआर४ चे उत्पादन आता आवरते घेतले जात असल्याने २४०० चा नवा माल दुर्मीळ होत चालला आहे, आणि कित्येक ठिकाणी ३२०० चीच पट्टी स्वस्त मिळते. तशी मिळाल्यास खुशाल घ्यावी.

एका प्रकारच्या पट्टीविषयी मात्र सावध राहावयास हवे. खेळांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पट्ट्यांवर छापलेला मोठा वेग हा त्यांचा मूळ वेग नसतो. तो मिळवण्यासाठी यंत्राच्या आरंभिक मांडणीत एक वेगळी नोंद निवडावी लागते. बहुतेक साध्या लॅपटॉपांत ही सोयच नसते. अशी पट्टी मग आपल्या मूळ, कमी वेगावर उतरते, आणि क्वचित ती शेजारच्या साध्या पट्टीपेक्षाही मंद निघते. शाळेने किंवा ग्रंथालयाने असल्या मालाच्या वाटेस जाऊ नये.

पट्टीच्या लेबलावर ‘८जीबी १आरएक्स८ पीसी४-२४००टी-एसए१’ अशा धर्तीची एक ओळ असते. ती वाचता आली तर दुकानदारास फारसे विचारावे लागत नाही. ८ जीबी ही क्षमता. पीसी४ म्हणजे डीडीआर४. २४०० हा वेग. त्यापुढील ‘टी’ हे अक्षर सीएल १७ चा वर्ग दाखवते, २६६६ पुढे तेथे ‘व्ही’ येते आणि ३२०० पुढे ‘एए’. पुढच्या गटातील ‘एस’ म्हणजे लॅपटॉपची आखूड पट्टी. मधला ‘एक्स८’ हा तुकडा सांगतो, की प्रत्येक चकती आठ तारांनी जोडलेली आहे. ‘एक्स१६’ असेल तर पट्टीवर चारच चकत्या असतात आणि डीडीआर४ मध्ये अशा पट्टीची कोठारे निम्म्या गटांत विभागलेली असल्याने ती त्याच वेगाच्या ‘एक्स८’ पट्टीपेक्षा किंचित मागे पडते. किंमत सारखी असेल तर ‘एक्स८’ पसंत करावी.

पिढी मात्र चुकता कामा नये. लॅपटॉपच्या डीडीआर३ पट्टीस २०४ टोके असतात, डीडीआर४ पट्टीस २६० आणि डीडीआर५ पट्टीस २६२. खाचेची जागाही वेगळी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, आणि बळाने बसवू पाहणाऱ्याची पट्टी व खाच दोन्ही जातात. काही पातळ लॅपटॉपांत तर रॅम मदरबोर्डावर सोल्डर करून पक्की केलेली असते. तेथे हा सगळा विचारच निरुपयोगी ठरतो. खरेदीपूर्वी यंत्राची माहितीपुस्तिका पाहावी, किंवा विंडोज असल्यास टास्क मॅनेजरमधील मेमरीचे पान उघडावे. किती खाचा आहेत, त्यांपैकी किती भरलेल्या आहेत आणि सध्या वेग काय आहे, हे तेथे दिसते.

दोन मंद की एक वेगवान

बहुतेक लॅपटॉपांत प्रोसेसरपासून रॅमकडे जाणारे रस्ते दोन असतात. एकच पट्टी बसवलेली असली तर एक रस्ता ओस पडतो. दोन्ही खाचांत पट्ट्या असल्या तर दोन्ही रस्त्यांनी वाहतूक चालते आणि वहनक्षमता दुप्पट होते. २४०० च्या दोन पट्ट्या मिळून सेकंदाला ३८,४०० मेगाबाइट वाहू शकतात. ३२०० ची एकटी पट्टी केवळ २५,६००. म्हणजे दोन मंद पट्ट्या एका वेगवान पट्टीस सहज मागे टाकतात. वेगाच्या आकड्यापायी वाद घालणारे पुष्कळ लोक ही साधी गोष्ट विसरतात. पट्ट्या सारख्या क्षमतेच्या नसल्या तरी काही लाभ होतो: ४ जीबी आणि ८ जीबी अशी जोडी असेल, तर इंटेलच्या यंत्रांत पहिले ८ जीबी दोन्ही रस्त्यांनी चालतात आणि उरलेले ४ जीबी एकाच रस्त्याने.

हा लाभ कोणास जाणवतो? लेखन, हिशेब, इंटरनेटवरील वाचन ह्या कामांत जवळजवळ कोणासही नाही. कारण प्रोसेसरच्या पोटात स्वतःची एक छोटी आणि अतिशय चपळ स्मृती असते. आय५-८२५०यू मध्ये ती ६ मेगाबाइटची आहे. नेहमी लागणाऱ्या बहुतेक गोष्टी तेथेच सापडतात, आणि रॅमपर्यंत जाण्याचे प्रसंग कमी येतात. ज्या लॅपटॉपांत चित्रांसाठी स्वतंत्र चकती व तिची स्वतःची स्मृती नाही, त्यांत मात्र चित्रे रंगवण्याचे कामही ह्याच रॅममधून होते. तेथे त्रिमितीय चित्रे, खेळ, चित्रफितींचे संपादन ह्यांत दुसरी पट्टी स्पष्ट फरक पाडते, आणि वेगाचा आकडाही थोडाफार महत्त्वाचा ठरतो. डीडीआर५ घेणारा आणि ज्याचा प्रोसेसर ५६०० मान्य करतो असा विद्यार्थी चित्रसंपादन शिकत असेल, तर त्याने ४८०० ऐवजी ५६०० ची जोडी घेणे योग्य होय. वहनक्षमता सहाव्या हिश्शाने वाढते.

शाळेच्या त्या दहा यंत्रांचा रोग मात्र निराळा होता. त्यांच्यात प्रत्येकी ४ जीबीची एकच पट्टी होती. रॅम भरली, की यंत्र तिच्यातील काही मजकूर हार्ड डिस्कवर नेऊन टाकते आणि लागेल तेव्हा परत आणते. मिनिटास ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर हवी ती जागा समोर येण्यासच सरासरी ५.६ मिलिसेकंद लागतात. रॅमच्या १४ नॅनोसेकंदांना एक सेकंद मानले, तर ही वाट पाहणे साडेचार दिवसांचे होते. अशा वेळी १४.१७ आणि १३.७५ नॅनोसेकंदांतील फरकास काय अर्थ उरतो? दिवा अखंड जळत होता तो ह्याच कारणाने. ह्यावरचा इलाज रॅमची क्षमता वाढवणे हा आहे. वेगाने तो होणार नाही.

ह्या यंत्रांत आय५-८२५०यू प्रोसेसर आणि दोन खाचा होत्या असे धरले, तर दहाही यंत्रांसाठी पट्ट्या विकत घेण्याचे कारण नाही. पाच लॅपटॉपांतील ४ जीबीच्या पट्ट्या काढून उरलेल्या पाचांच्या रिकाम्या खाचांत बसवाव्या. ह्या पाच यंत्रांना एक पैसाही खर्च न होता ८ जीबी रॅम आणि दोन्ही रस्ते मिळतात. दुसऱ्या पाचांसाठी ८ जीबीची एकेक साधी पट्टी घ्यावी. २४०० असो वा ३२००, जी स्वस्त असेल ती. चित्रे आणि चित्रफितींचे काम पहिल्या पाचांवर द्यावे, लेखन आणि वाचन दुसऱ्या पाचांवर. त्यांच्यातील एक खाच पुढच्या वर्षीच्या निधीसाठी मोकळी राहते, आणि तेव्हा घेतलेली पट्टी २४०० हून कितीही अधिक वेगाची असली तरी ती २४०० नेच चालणार आहे.

पट्ट्यांची अदलाबदल करताना यंत्र पूर्ण बंद करावे, चार्जर काढावा आणि शक्य असेल तर बॅटरीची जोडणीही सोडवावी. हातावरील स्थिर वीज जाण्यासाठी आधी एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूस स्पर्श करावा. पट्टी कडांनी धरून तिरपी सरकवावी आणि दोन्ही बाजूंच्या चापांचा आवाज होईपर्यंत खाली दाबावी. एखादे यंत्र सुरू होईना, तर बहुधा पट्टी अर्धवट बसलेली असते. ती काढून पुन्हा नीट बसवावी. मग टास्क मॅनेजरचे पान उघडून ८ जीबी आणि २४०० हे दोन आकडे पाहावे, रात्रभर स्मृतिचाचणीचा प्रोग्रॅम चालू ठेवावा, आणि सकाळी त्यात एकही चूक नोंदलेली नसेल तर तळाचे स्क्रू आवळावे.